चार जबाबांचा तक्ता

चार माणसं द्या. एकच गोष्ट चौघांनी चार तऱ्हेनं सांगितलेली असू दे, त्यातून खरं काय घडलं ते मी अर्ध्या तासात काढून कागदावर मांडून देतो. एकतीस वर्षं मी हेच केलं. गाड्यांच्या विम्याचा सर्व्हेअर होतो. नाशकातल्या द्वारका चौकात ट्रकनं रिक्षा उडवली, इगतपुरीच्या धुक्यात टँकर उलटला, सायखेड्याच्या रस्त्यावर द्राक्षांचा टेम्पो आणि लग्नाची बस समोरासमोर आली, की कंपनी मला पाठवायची. ड्रायव्हर म्हणायचा गाय आडवी आली, क्लीनर म्हणायचा म्हैस, टपरीवाला म्हणायचा जनावर नव्हतंच, हा फोनवर बोलत होता. चौथा एक हमखास असायचाच, जो पाठ करून उभा होता पण त्यानं सगळं बघितलं होतं. मी चौघांना चहा पाजायचो आणि संध्याकाळपर्यंत जनावर कोणतं ते ठरवून द्यायचो. हे सगळं मी चर्चच्या मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं. ईस्टरला पहाटे आम्ही कबरस्तानात जमतो, आपापल्या माणसांच्या कबरी आदल्या दिवशी झाडून-धुऊन ठेवतो, फुलं वाहतो, मेणबत्त्या लावतो आणि सूर्य उगवताना उपासना होते. तिथं यंदा कोणी बोलायचं असा विषय निघाला होता. मी म्हणालो, मी बोलतो. बायबलातले मत्तय, मार्क, लूक, योहान, चौघांचे चार रकाने पाडतो आणि येशू कबरीतून उठला त्या रविवारी पहाटेपासून नेमकं काय काय झालं ते एका तक्त्यात मांडून देतो, परत कोणी शंका काढायला नको. चर्चचे पाळकसाहेब तरुण आहेत, नगरकडून दोन वर्षांपूर्वी आले. ते म्हणाले, "गोविंदकाका, पंधरा मिनिटं. आणि सूर्य थांबत नाही, एवढं लक्षात ठेवा." माझी मेहुणी रोहिणी शेजारीच बसली होती. शाळेतून हेडमास्तरीण म्हणून रिटायर झाली आहे, अजून सगळ्या जगाची तोंडी परीक्षा घेते. ती हळूच म्हणाली, "दाजी, तेवढं एक सांगा. त्या पहाटे कबरीशी बायका किती गेल्या होत्या?" मी म्हणालो, तीन. ती म्हणाली, "ते मार्कात. मत्तयात दोन आहेत. योहानात एकटी मरीया." मी म्हणालो, मग लूकमध्ये बघू. "लूकमध्ये तिघींची नावं आहेत आणि पुढं 'इतर स्त्रिया' लिहिलंय," ती म्हणाली. मीटिंग संपली तेव्हा मी 'इतर स्त्रिया' एवढे दोनच शब्द वहीत लिहिलेले होते.

घरी जुन्या कॅलेंडरची मागची बाजू डायनिंग टेबलावर पसरली. पट्टी घेतली, चार रकाने पाडले, निळं पेन, लाल पेन. कबरीच्या तोंडावरची धोंड. मत्तयात भूकंप होतो, देवदूत उतरतो, धोंड लोटतो आणि तिच्यावर बसतो. बाकी तिघांत बायका पोचतात तेव्हा धोंड आधीच सरकलेली. पांढऱ्या कपड्यातला माणूस: मत्तयात एक, बाहेर, बसलेला. मार्कात एक, आत, उजवीकडे, बसलेला. लूकमध्ये दोन, उभे. योहानात दोन, बसलेले, एक उशाशी, एक पायथ्याशी. टँकरवाल्यांनीसुद्धा मला कधी इतका त्रास दिला नाही. मी रकाने भरत होतो आणि मला काहीच वाटत नव्हतं. हे आता नेहमीचं झालंय. ऑगस्टमध्ये सुधा गेली, माझी बायको, तेव्हापासून मला फार काही वाटत नाही. तोंडाला चव आहे, पण ती दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडाला असल्यासारखी. सप्टेंबरमध्ये दोन आठवडे मी सुधाच्या चपला घालून हिंडत होतो. आमच्या दोघांचा नंबर एकच, सात. मला पत्ताच नव्हता. भाजीवाल्यानं बघितलं असेल, बँकेत बघितलं असेल, चर्चमध्ये तर सगळ्यांनीच बघितलं आणि कोणी काही बोललं नाही. शेवटी रोहिणीनं माझ्या चपला कपाटाखालून काढून पुढ्यात ठेवल्या आणि म्हणाली, "ताईच्या मी नेते." मी बरं म्हणालो. दोन पावलं चालून बघितली. दोन्हींत काही फरक वाटला नाही, हे मी तिला सांगितलं नाही.

रोहिणीचा फोन आला, तिला आणखी एक सापडलं होतं. मत्तयातच आहे, थोडं आधी. प्रभू वधस्तंभावर गेला त्या वेळी कबरी उघडल्या, झोपलेल्या पुष्कळ पवित्र लोकांची शरीरं उठली, आणि त्याच्या पुनरुत्थानानंतर ते बाहेर येऊन शहरात गेले आणि पुष्कळांना दिसले. "दाजी, कबरी उघडल्या शुक्रवारी. ही मंडळी बाहेर आली रविवारी. मधले दोन दिवस उघड्या कबरीत बसून करत काय होती?" मी म्हणालो, वाट बघत असतील. "आणि पुढं? शहरात गेले, दिसले, मग कुठं गेले? परत झोपले? का घरीच राहिले?" बाकी तिघांनी या लोकांचं नावच काढलेलं नाही. एवढी मोठी गोष्ट, गावभर मेलेली माणसं हिंडली, आणि चारातल्या तिघांना ती लिहावीशी वाटली नाही. माझ्या धंद्यात असा जबाब आला की आम्ही बाजूला ठेवायचो, एकाच साक्षीदाराचा म्हणून. पण मी तो बाजूला ठेवू शकलो नाही. मी फोन ठेवला आणि सुधा शरणपूर रोडनं चालत येताना बघत बसलो. सिग्नलला थांबून, डावी-उजवी बघून, कारण तिचा ट्रॅफिकवर कधीच विश्वास नव्हता. घरात आल्याआल्या तिनं गॅसची शेगडी बघितली असती. मग फ्रीज उघडला असता. मग विचारलं असतं, माझ्या साड्या कुठं आहेत. मी सांगितलं असतं, रोहिणीनं वाटल्या. चपला? त्या मी झिजवल्या. मोतीबिंदूचे थेंब तिनं माझ्यासाठी फ्रीजच्या दारात ठेवले होते, त्यांची तारीख जाऊन पाच महिने झाले. मेलेलं माणूस परत आलं म्हणजे आनंद होणार हे आपण धरूनच चालतो. मला वाटतं त्या शहरात त्या दिवशी घराघरात मुख्यतः चौकशी झाली असेल. तिची चौकशी मला चालली असती. मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती. एक प्रश्न मात्र ती विचारणार, त्याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. तुम्ही कुठं होतात.

मी खाली होतो. मुंबई नाक्याजवळचं हॉस्पिटल, तिसरा मजला, सहा खाटांचा वॉर्ड, दुपारी सव्वाचारची वेळ. स्पीकरवर सांगितलं, पांढरी स्कूटर, एमएच पंधरा, अँब्युलन्सच्या वाटेत उभी आहे, ताबडतोब काढा. सुधाचे डोळे मिटलेले होते. मी उठलो. स्कूटर काढली, शेडमध्ये लावली, दोन मिनिटांचं काम. पण तिथं वॉचमन आणि एक कारवाला भांडत होते. कारच्या दाराला ओरखडा होता. कारवाला म्हणत होता वॉचमननं बॅरिकेड ओढताना घासलं, वॉचमन म्हणत होता गाडी आली तेव्हाच ओरखडा होता. दोघंही चुकीच्या ठिकाणी बोट दाखवत होते. माझ्याच्यानं राहवलं नाही. मी वाकलो, नखानं खरवडलं, ओरखड्याच्या आत गंज होता. गंज एका दिवसात येत नाही. दोघांना वेगवेगळं बाजूला घेऊन विचारलं, परत एकत्र आणलं, पस्तीस मिनिटं लागली, पण शेवटी कारवाल्यानं मान्य केलं आणि वॉचमनच्या हातात हात दिला. मला फार बरं वाटलं. तसं बरं मला त्यानंतर वाटलेलं नाही. वर आलो तर खाटेभोवती हिरवा पडदा ओढलेला होता.

मग मी जे केलं ते सवयीनं केलं. तिथल्याच एका फॉर्मच्या मागं जबाब घेतले. पहिला रोहिणीचा. ती म्हणाली, ताईनं डोळे उघडले, 'परमेश्वर माझा मेंढपाळ' हे स्तोत्र म्हणायला लागली, हिरव्या कुरणापर्यंत म्हटलं, आणि उशाशी पांढऱ्या कपड्यातलं कोणीतरी उभं होतं, मी या डोळ्यांनी बघितलं. दुसरा मृण्मयीचा, आमची मुलगी, पुण्याहून सकाळीच आली होती. ती म्हणाली, "बाबा, आई काहीच बोलली नाही. सकाळपासून शुद्धीतच नव्हती. आणि प्लीज तो कागद ठेवा." तिसरा सिस्टर दीपमालाचा. ती म्हणाली, पेशंटनी पाणी मागितलं, मी चमच्यानं दिलं, अर्धा चमचा गेला. एकच खाट, एकच वेळ, तिघी हाताच्या अंतरावर. मला विचारायचं होतं ते मी तिघींपैकी एकीलाही विचारलं नाही: तिनं मला बोलवलं का? तसं विचारणं सर्व्हेअरला चालत नाही, साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घातल्यासारखं होतं. त्याखाली मी लिहिलं, 'चौथी साक्षीदार: शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको, ठमाबाई, हरसूल. मी आलो तेव्हा घाईघाईनं बाहेर निघून गेली. जबाब बाकी.' त्या कागदाची चौपदरी घडी आठ महिने माझ्या पाकिटात होती.

शुक्रवारी, उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, तीन तासांची उपासना करून घरी आलो आणि मार्कच्या रकान्याच्या शेवटाला पोचलो. बायका कबरीतून बाहेर पळाल्या, त्यांना कापरं भरलं होतं, आणि त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही, कारण त्या भ्यायल्या होत्या. पाळकसाहेब मागं सांगत होते की मार्क मुळात इथंच थांबतो. पुढचं कोणीतरी नंतर जोडलंय, म्हणून कंसात छापतात. लोकांना ते तसं अर्धवट सोडवेना. मी लाल पेन खाली ठेवलं. मृण्मयीला फोन लावला. "ती शेजारची बाई का गं पळाली होती?"  ती म्हणाली, "बाबा, तुम्ही अजून तिथंच आहात का?" मी म्हणालो, नाही, घरी आहे. ती म्हणाली, "जेवलात?" मी हो म्हणालो. जेवलो होतो की नाही, आठवत नव्हतं.

शनिवारी सकाळी जुन्या सीबीएसवरून हरसूलची बस धरली. त्र्यंबकच्या पुढं रस्ता वळणावळणाचा आहे, एरवी मला त्या रस्त्याला मळमळतं. त्या दिवशी तेही झालं नाही. हरसूलला विचारत विचारत गेलो. घरापुढच्या अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती, गोडसर, जड वास. ओट्यावर एक म्हातारा बिडी ओढत बसला होता. हा बारकू. ह्याच्या बाबतीत डॉक्टरांनी त्या आठवड्यात दोनदा सांगितलं होतं की आता घरी न्या, काही उरलं नाही. आणि हा माझ्यासमोर बसून धूर सोडत होता. येशूनं उठवलेला लाजार चार दिवसांनी कबरीतून बाहेर आला, पण तो पुढं काय बोलला ते योहानानं लिहिलेलं नाही. इथं मला विचारायची संधी होती. मी विचारलं, "बारकूदादा, तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं? आत?" त्यानं विचार केला. "माझी कवळी ऱ्हायली तिथं," तो म्हणाला. "खालची. तुम्ही नाशकाचे ना, बघा जरा."

ठमाबाई घरातून बाहेर आली आणि मला बघून परत आत गेली. मग पाण्याचा तांब्या घेऊन आली. ओळखलं होतं तिनं. मी पाकिटातला कागद काढला, पण उघडला नाही. म्हणालो, "मावशी, तुम्ही होता ना तिथं. माझी मेहुणी म्हणते, उशाशी पांढऱ्या कपड्यातलं कोणी उभं होतं."

"दोघं व्हते," ठमाबाई म्हणाली. "स्टेचरवाले. आमच्या ह्यांना छातीचा फोटो काढायला न्यायचं व्हतं त्यांला. खाट चुकले."

"बाई काही बोलली का?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. बारकू म्हणाला, "सांग की आता. वरीस झालं, तोंडात धरून बसलीय."

"वरीस नाय झालं," ती म्हणाली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुमची पोरगी डॉक्टरला आणाया पळाली व्हती. ती सिस्टर पाणी आणाया गेली. तुमची ती मेहुणी डोळे मिटून देवाचं म्हणत व्हती. तुमच्या बाईंनी डोळे उघडले. तुमची खुर्ची बघितली. मी म्हनलं, खाली गेलेत ते, बोलवू का. तर म्हनल्या, त्यांना बोलवू नका."

मी विचारलं, अजून काय.

"अजून काय तरी म्हनल्या. व्हट हालले. पन तवाच ते स्टेचरवाले आले, कुठला पेशंट कुठला पेशंट करीत. नाय आलं ऐकाया. मंग तुम्ही आले. आता नवऱ्याला बोलवू नका म्हनली बाई, हे मी नवऱ्याला कसं सांगू? म्हून मी भायेर गेले. लय भ्या वाटलं मला."

मी तांब्यातलं पाणी प्यालो. कागद न उघडताच पाकिटात ठेवला. येताना बसमध्ये मी त्या तीन शब्दांकडं सगळ्या बाजूंनी बघितलं, जसं चेपलेल्या दाराकडं बघतात. योहानाच्या रकान्यात मरीया उठलेल्या येशूला आधी माळी समजते, मग ओळखते, आणि तो तिला म्हणतो, मला शिवू नको. हीच मरीया, जी सगळ्यांच्या आधी अंधारात आली. आणि आठ दिवसांनी थोमा नावाच्या शिष्याला म्हणतो, ये, हात घाल माझ्या कुशीत. ज्यानं शंका घेतली त्याला हात लावू दिला आणि जी रडत उभी होती तिला लांब ठेवलं. लोकांनी यावर पुष्कळ लिहून ठेवलंय, ते मी वाचलं, मला त्यातलं एकही पटलं नाही. आता तो प्रश्न माझा होता. त्यांना बोलवू नका. तो माणूस नको म्हणून? का तो माणूस खाली कोणाचं तरी भांडण मिटवत असणार, हे तिला न बघता माहीत होतं म्हणून? छत्तीस वर्षांच्या संसारात मी लग्नात, बारशात, स्वतःच्या मुलीच्या साखरपुड्यातसुद्धा कोणाचं ना कोणाचं भांडण मिटवायला उठून गेलेलो आहे. त्र्यंबकला बस थांबली, एक बाई करवंदं विकत होती. मी घेतली, खाल्ली, आंबट असावीत. मार्कच्या शेवटासारखं कंस टाकून तिचं पुढचं वाक्य आपणच लिहावं असंही वाटलं. दोन-तीन वाक्यं जुळवून बघितली. एकही तिच्या आवाजात बसलं नाही.

रविवारी पहाटे साडेपाचला तक्ता गुंडाळी करून स्कूटरला बांधला. कबरस्तानाच्या दाराशी सहादू झेंडूच्या पाट्या मांडून बसला होता. तो मखमलाबादकडून फुलं आणतो आणि वर्षभर तिथली झाडंही तोच बघतो. अजून अंधार होता, आत मेणबत्त्या लागल्या होत्या, माणसं आपापल्या कबरीशी उभी होती, कुजबुजत. सुधाच्या कबरीशी रोहिणी होती, तिच्या पायात सुधाच्या चपला होत्या. मी फुलं ठेवली. शेवंती, पांढरी. रोहिणीला सांगितलं, पांढऱ्या कपड्यातले दोघं होते, स्ट्रेचरवाले. ती म्हणाली, "मला एकच दिसला." मग म्हणाली, "स्ट्रेचरवाले असले म्हणून काय झालं?"  बाकीचं मी तिला सांगितलं नाही. पहिलं गीत झालं. पाळकसाहेबांनी मला खूण केली की पुढचं गीत झालं की तुम्ही. मी तक्ता उलगडून कबरीवर पसरला, चार कोपऱ्यांना चार मेणबत्त्या ठेवल्या. बायका किती, माहीत नाही. देवदूत किती, माहीत नाही. मी ठरवलं होतं की हेच म्हणायचं, मला जमलं नाही, आणि खाली बसायचं.

तेवढ्यात सहादू आला. "साहेब, ती पांढरी स्कूटर तुमची ना. दारात आडवी लागलीय. थोरातबाईंना व्हीलचेअरवरून आणलंय, आत येता येईना."

मी गेलो. स्कूटर बाजूला घेतली, दोन मिनिटांचं काम. पण व्हीलचेअरचं पुढचं चाक पायरीच्या फटीत अडकलं होतं, आणि थोरातबाईंचा मुलगा म्हणत होता उचला, सून म्हणत होती मागं ओढा. आतून दुसरं गीत ऐकू येत होतं, संपत आलं होतं. मी वाकलो. मागं ओढून, मग उचलून, मग परत मागं ओढून चाक सुटलं. सगळे आत गेले. मी वळलो तेव्हा समोरच्या सोसायटीच्या टाकीमागून सूर्य पूर्ण वर आला होता आणि आत माणसं एकमेकांना 'प्रभू उठला आहे' म्हणून हात मिळवत होती. चहाचं पातेलं उघडलं होतं. उकडलेली रंगीत अंडी वाटली जात होती. माझ्या तक्त्याचा लूक आणि योहानाकडचा भाग कोणीतरी फाडून त्यात टरफलं गोळा केली होती.

पाळकसाहेब म्हणाले, "काका, दोन मिनिटं वाट बघितली. मग मीच प्रार्थना करून संपवलं. सूर्य थांबत नाही."

"मला हाक मारायची," मी म्हणालो.

"मारणारच होतो. रोहिणीबाई नको म्हणाल्या."

मी रोहिणीकडं बघितलं. ती अंडं सोलत होती. "मीच म्हटलं बोलवू नका," ती म्हणाली. "तुम्ही धावत येणार. अर्धवट उजेडात, त्या दगडांतून, गुडघा असा दुखरा. पडला असता, दाजी. दोन शब्द कमी बोललात म्हणून काय बिघडलं." तिनं सोललेलं अंडं माझ्या हातावर ठेवलं. ते गरम होतं. तळव्याला चांगलाच चटका बसला, आणि मी ते खाली टाकलं नाही, नुसता उभा राहिलो.

तेव्हा दाराकडून आवाज झाला. मी घाईत स्कूटर साइड स्टँडवर लावली होती, सहादूनं तिथंच झाडांना पाणी सोडलं होतं, स्टँड मातीत रुतलं. स्कूटर शेजारी उभ्या पाळकसाहेबांच्या गाडीवर पडली. डावं मागचं दार चेपलं, साधारण वीतभर. बघणारे चार जण होते. मी कोणालाच काही विचारलं नाही.